घोड्यावरची राणी आणि गवताचा भारा

गेल्या वर्षीच्या ८ मार्चची गोष्ट. फुलसावंगीला आमच्या गटाची तयारीची बैठक होती. बैठक नेहमीसारखीच. वेळ चारची, बाया आल्या साडेपाचला. हरभरा सोंगून, घरी जाऊन चूल पेटवून, कुणी लेकराला काखेत घेऊन. मोर्चा कुठून निघायचा, घोषणा कोणत्या, ग्रामपंचायतीला निवेदन कोण देणार, हे सगळं अर्ध्या तासात ठरलं. मग आमच्यातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलींनी एक सूचना मांडली. मोर्च्याच्या पुढं घोडा हवा. घोड्यावर एक मुलगी, नऊवारीचा काचा, डोक्याला फेटा, हातात तलवार. शिवजयंतीच्या मिरवणुकीत त्यांनी तसं पाहिलं होतं. "लोक थांबून बघतात ताई. नाहीतर आपला मोर्चा म्हणजे चार घोषणा आणि घरी," असं त्यांचं म्हणणं.

सूचना मलाही आवडली. मी विचारलं, भाडं किती? लग्नात घोडी देणारा एक जण पाच हजार म्हणतोय, असं कळलं.

भिंतीला टेकून बसलेल्या आमच्या गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. "पाच हजार म्हन्जे किती किलो कापूस व्हते वं?" वेचाईचा दर किलोला दहा रुपये धरून कुणीतरी सांगितलं, पाचशे किलो. आजी म्हणाल्या, "मले घोडा माहीत हाय. लग्नाच्या आंधी चार वर्सं आन् लग्नानंतर आठ वर्सं म्या पाटलाच्या घोडीले गवत कापून आनलं. रोज एक भारा. पावसाळ्यात भारा गळे, अंगावरून पानी वाहे. घोडीवर बसनारा सगळ्याईले दिसे. भारा कोनाचा, थे कोनी इचारलं नाही."

सगळ्या गप्प झाल्या. आणि मग बौद्ध वस्तीतली एक मुलगी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली, उठून म्हणाली, "आजी, तुम्ही गवत आणलं हे खरं. पण म्हणून मी घोड्यावर बसायचंच नाही का? आमच्यातलं अजून कुणी बसलेलं नाही."

त्या दिवशी निर्णय झाला नाही. पण या दोघींच्या दोन वाक्यांनी मला वर्षभर सोडलेलं नाही. हा लेख त्यावरच आहे. कारण प्रश्न एका घोड्याचा नाही. आपल्या मोर्च्यांत, भिंतीवरच्या पोस्टरांत, पथनाट्यांत, गाण्यांत शूर बाईचं जे चित्र आपण वापरतो, ते कुठून आलं आणि त्यात कोण दिसत नाही, हा प्रश्न आहे.

आधी माझी बाजू सांगते, म्हणजे मी कुठून बोलते ते मैत्रिणींना कळेल. माझं आजोळ वाड्याचं. आजोबांकडे घोडी होती. तिचं खोगीर आणि रिकिबी मी लहानपणी माळ्यावर पाहिलेल्या आहेत. त्या गावात खालच्या वस्तीतल्या लग्नाची वरात आमच्या वाड्यासमोर आली की नवरदेव घोडीवरून उतरायचा, दार ओलांडेपर्यंत पायी चालायचा आणि पुढं जाऊन पुन्हा बसायचा. वाजंत्रीही तेवढा वेळ थांबायची. मी ओट्यावर उभी राहून ते पाहायची आणि मला वाटायचं, किती चांगले लोक आहेत, आजोबांना मान देतात. तो मान नव्हता, भीती होती, हे कळायला मला चळवळीत यावं लागलं. तेव्हा घोडा हा विषय माझ्यासाठी पुस्तकातला नाही.

तरी पुस्तकातलंही थोडं बोलू. आपल्या मुलांना टीव्हीवर युरोपातले नाईट फार आवडतात. अंगभर लोखंडी कवच, हातात लांब भाला, मध्ये आडवा कठडा, दोन्हीकडून घोडे भरधाव सुटतात आणि एकमेकाला भाल्यानं खाली पाडायचं. हा त्यांचा खेळ. साधासुधा नव्हे, जिवावरचा. १५५९ साली फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री अशाच खेळात भाल्याची काडी डोक्यात शिरून मेला. वर सज्जात सरदारांच्या बायका बसलेल्या. त्यातली एखादी आपला रुमाल किंवा बाही आपल्या वीराला देते आणि तो ती भाल्याला बांधून लढतो. किती सुंदर, असं वाटतं.

पण हा खेळ कोण खेळू शकत होतं? ज्याच्याकडे लढाईचा घोडा, कवच आणि ते सांभाळायला चाकर आहेत तोच. म्हणजे ज्याच्याकडे जमीन आहे आणि त्या जमिनीवर राबणारी कुळं आहेत तोच. शौर्य हा गुण नंतरचा, आधी घोड्याचा खर्च. गरिबाच्या पोराला कितीही धाडस असलं तरी तो पायदळात भाला घेऊन चिखलात उभा. शिवाय तो खेळ नुसता हौसेचाही नव्हता. बाराव्या शतकात हरलेल्याचा घोडा, हत्यार जिंकणाऱ्याचं होई आणि त्याला पकडून सुटकेचे पैसे घेत. विल्यम मार्शल नावाचा धाकटा, वाटणीत काही न मिळालेला मुलगा अशा खेळांवरच मोठा झाला. पण त्याची खरी बढती झाली ती राजानं मोठ्या जहागिरीची वारस मुलगी त्याला लग्नात दिली तेव्हा. मुलगी दिली म्हणजे जमीन दिली. मुलीला कुणी विचारलं नव्हतं.

सज्जात बसलेल्या त्या बाईची खरी जागा ही होती. १२१५ सालच्या इंग्लंडच्या मॅग्ना कार्टाचं नाव आपण स्वातंत्र्याची सनद म्हणून शाळेत घोकतो. त्यात एक कलम असं आहे की, विधवेला ती एकटी राहू इच्छिते तोवर लग्नाची सक्ती करू नये. सनदेत असं लिहावं लागलं, यावरूनच समजावं की राजे लोक सरदारांच्या विधवांची लग्नं जमिनीसकट विकत होते. आणि ज्या बायका सज्जात नव्हत्याच, शेतात होत्या, त्यांचं काय? बाराव्या शतकाच्या शेवटी आंद्रेआस नावाच्या एका फ्रेंच पाद्र्यानं प्रेम कसं करावं यावर ग्रंथ लिहिला. सरदारणीशी किती अदबीनं बोलावं याची त्यात पानंच्या पानं आहेत. शेतकऱ्याच्या बाईविषयी मात्र एक छोटंसं प्रकरण आहे आणि त्याचा सल्ला असा की तिच्याशी अदब कशाला, संधी मिळाली तर थोडी जबरदस्ती करावी. नाईट स्त्रियांचा आदर करत, असं आपण ऐकतो. स्त्रियांचा नव्हे, आपल्या वर्गातल्या स्त्रियांचा.

आता म्हणाल, हे तिकडचं झालं, आपल्याकडे तसं नव्हतं. चला, आपल्याकडचं पाहू.

मराठ्यांच्या घोडदळात दोन जाती होत्या. जाती म्हणजे आपल्या जाती नव्हेत, पण उतरंड होतीच. शिलेदार आणि बारगीर. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन येणारा. बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळतो तो. शिवाजी महाराजांनी पागेला आणि बारगिराला वरचं स्थान दिलं, कारण घोडा ज्याच्या मालकीचा त्याची मिजास मोठी हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सभासदाच्या बखरीत या फौजेची सगळी रचना आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. फौजेत बाई, बटीक, कलावंतीण नेऊ नये असा सक्त नियम. फौज आठ महिने परमुलखात, पावसाळ्याचे चार महिने छावणीत.

हे वाचताना मी नेहमी एका जागी अडते. दसऱ्याला सीमोल्लंघन करून गडी बाहेर पडला तो पावसाळ्याच्या तोंडावर परतला. मग रब्बीची पेरणी कुणी केली? जोंधळा कुणी राखला, कुणी सोंगला, खळं कुणी केलं? म्हातारे आणि पोरं धरली तरी उत्तर एकच उरतं. बखरीत पखालजीची नोंद आहे, नालबंदाची आहे. या बाईची नाही. ती फौजेत नव्हती म्हणून तिची नोंद नाही आणि ती घरी राहिली म्हणूनच फौज निघू शकली.

त्याच काळातलं चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना गेलेलं महाराजांचं पत्र प्रसिद्ध आहे. दाणा आणि गवत बेतानं वापरा, आत्ताच उधळलंत तर पावसाळ्यात घोडी मरतील आणि मग तुम्ही रयतेच्या घरात शिरून धान्य, गवत, भाजी, लाकूड ओढून आणाल आणि रयत घरं सोडून पळेल, असा त्याचा आशय. त्या पत्राचं कौतुक सगळे करतात आणि करावं असंच ते आहे. राजानं रयतेच्या बाजूनं आपल्याच फौजेला दटावलं, अशी उदाहरणं जगात फार नाहीत. पण पत्र दुसऱ्या बाजूनंही वाचावं. दटावणी लागली याचा अर्थ घोडेस्वार एरवी काय करत, ते राजाला माहीत होतं. घोडा रोज खातो. त्याची चंदी, त्याची वैरण कुणाच्या तरी दारातून येते. आमच्या आजींच्या डोक्यावरचा भारा चारशे वर्षं जुना आहे.

आमच्या भागात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. फुलसावंगीच्या भोवती बंजारा तांडे आहेत. मोगलांची असो की मराठ्यांची, मोठी फौज चाले ती बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरच्या धान्यावर. बायका-पोरांसकट सगळा तांडा बैलांबरोबर चालायचा. लढाई झाली की स्वाराला गाव इनाम. तांड्याला काय? पुढं इंग्रजांनी त्यांचा धंदा मोडला आणि त्यांच्यावर गुन्हेगारीचा शिक्काही मारला. आमच्या गटात तांड्यावरच्या नऊ जणी आहेत. त्यातल्या सहा दर वर्षी ऊसतोडीला जातात.

आणि पेशवाईतली कुणबीण आठवा. कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको नव्हे, गुलाम बाई. ती विकली जाई, आंदण दिली जाई. बदकर्माचा आरोप शाबीत झाला की सरकार बाईला शिक्षा म्हणून कुणबीण करी आणि तिला सरकारी कोठीत, पागेत कामाला जुंपी. पुरुष दंड भरून सुटे. म्हणजे ज्या पागेतून बारगीर थाटात बाहेर पडे, त्याच पागेत शेण काढणारी बाई 'वाकडं पाऊल पडलं' म्हणून तिथं आणलेली असे. घोड्याच्या एका बाजूला मर्दानी अब्रू, दुसऱ्या बाजूला अब्रू गेलेली बाई, आणि घोडा दोघांचा एकच.

इथं कुणीतरी मला विचारेल, आणि विचारलंही आहे, की बाई, मग आमच्या शूर राण्यांचं काय करायचं? त्यांनाही टाकून द्यायचं का?

मुळीच नाही. उलट माझी तक्रार अशी की आपण त्यांना नीट पाहतच नाही. फुलसावंगीहून पैनगंगा ओलांडली की माहूर. रेणुकेच्या दर्शनाला आपण सगळ्याच जातो. त्याच माहूरची सावित्रीबाई, उदाराम देशमुखांच्या घराण्यातली, मोगलांच्या बाजूनं फौज घेऊन लढली. औरंगजेबानं तिला रायबाघन असा किताब दिला, म्हणजे वाघीण. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडली, तेव्हा त्या फौजेत ही रायबाघन होती. जंगलात, खिंडीत, पाण्यावाचून माणसं तडफडत होती. शिवभारतात असं आहे की शरण जाऊन जीव वाचवा, हा शहाणपणाचा सल्ला खानाला तिनंच दिला आणि तो त्यानं मानला.

मला ही बाई आवडते. खानाला सुनावण्याची हिंमत आणि हरलो हे कबूल करण्याची अक्कल, दोन्ही तिच्यात होतं. तरी तिचं चित्र कुणाच्या मिरवणुकीत नसतं, कारण ती 'आपल्या' बाजूची नव्हती. म्हणजे शूर बाई पूजायची ती सुद्धा कुणाच्या बाजूनं लढली ते बघून. ताराबाईंनी १७०० ते १७०७ मराठ्यांचं राज्य औरंगजेबाच्या तोंडावर टिकवलं. उमाबाई दाभाडे १७३२ साली अहमदाबादेवर चालून गेल्या. भीमाबाई होळकर १८१७ साली महिदपूरला लढल्या. यातल्या प्रत्येकीला सत्ता मिळाली ती नवरा किंवा बाप गेल्यावर, मुलगा लहान असताना नाहीतर घराणं अडचणीत असताना. घराण्याची गरज संपली की बाईनं घोड्यावरून उतरावं अशीच अपेक्षा. ताराबाईंना तर त्यांच्या सवतीनं आणि सवतीच्या मुलानं १७१४ साली कैदेत टाकलं.

आणि दुसरी गोष्ट. रायबाघन घोड्यावर बसली ती देशमुखीच्या जोरावर. देशमुखी म्हणजे परगण्याच्या वसुलीचा हक्क. ती वसुली ज्या शेतांतून येई तिथं निंदण करणारी बाईसुद्धा बाईच. एक बाई घोड्यावर बसल्यानं ती दुसरी आपोआप वर येत नाही. हे आजही खरं आहे. सरपंचपद राखीव झालं, वाड्यातली सून खुर्चीवर बसली, म्हणून रोजगार हमीची मजुरी वेळेवर मिळाली का? काही ठिकाणी मिळाली, हे मी मानते. पण ती मिळाली ते बायांच्या गटानं धरणं धरलं म्हणून.

आज घोडा कुठं उरला आहे? लग्नात. ज्याच्या सात पिढ्यांत कुणी घोड्याला हात लावला नाही, तोही त्या दिवशी फेटा बांधून, कमरेला कट्यार खोचून घोडीवर चढतो. एका दिवसाचा शिलेदार! पण घोडी भाड्याची, भाडं बहुतेक वेळा मुलीच्या बापाचं, कट्यार बॅंडवाल्याची. खरं म्हणजे तो बारगीरसुद्धा नाही. आणि नवरी? ती गाडीत मागून. आमच्या जिल्ह्याचं नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी जगभर गेलं. त्या घरांत बसायला मी पुष्कळ वेळा गेले आहे. कर्जाच्या यादीत बियाणं, खत, औषध असतं, दवाखाना असतं, आणि मुलीचं लग्न असतं. त्या लग्नात घोडी असते.

आणि शंकरपट. आमच्या विदर्भात नाईटचा खेळ जर कुठं असेल तर तो शंकरपटात. हलकीशी गाडी, तिला पळणारी जोडी, तिच्यावर धुरकरी, दोन्ही बाजूंनी हजारो पुरुष, आणि सेकंदावर इनाम. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं अशा शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा कायम केला. तेव्हापासून पुन्हा जोर आला आहे. पटाच्या बैलाची किंमत लाखांत जाते. त्याला दूध, अंडी, कणकेचे गोळे. घरात अॅनिमिया झालेली सून. हे मी अलंकारिक लिहीत नाही, अशी घरं मी नावानिशी दाखवू शकते, पण नावं घेणार नाही. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहतात त्यातही पहिला मान कुणाचा, मखर कुणाच्या बैलाला, यावर डोकी फुटलेली आहेत. बैलाचा मान म्हणजे मालकाचा मान. शेण काढणारीचा मान कुठल्याच तोरणाखाली नाही. अलीकडे तळेगाव दशासरच्या पटात बायकांनीही जोड्या हाकल्या, त्याचं मला कौतुक आहे. पण गाडीवर बाई बसली तरी बैल कुणाच्या नावावर, हा माझा प्रश्न राहतोच.

इथवर लिहून झाल्यावर वाटेल की मी आजींच्या बाजूनं निकाल दिला. घोडा नको. पहिल्या बैठकीनंतर मीही तेच ठरवलं होतं. पण त्या मुलीचं वाक्य उरलंच होतं. आमच्यातलं अजून कुणी बसलेलं नाही.

मी तिच्या घरी गेले. तिच्या आईनं सांगितलं की तिच्या चुलत सासऱ्याच्या वरातीत, त्यांच्या गावी, वाड्यासमोर उतरायला नकार दिला म्हणून मारामारी झाली होती. ते ऐकताना मला माझ्या आजोळचा ओटा आठवला. मी तिथं तोंड उघडलं नाही. नंतर उघडलं. मी कोणत्या वाड्याची नात आहे ते त्यांना सांगितलं. त्या माउलीनं चहा ठेवला आणि एवढंच म्हणाली, "म्हणून तर पोरगी हट्ट करते ताई."

हे जुनंपुराणं नाही. २०१८ साली उत्तर प्रदेशात कासगंज जिल्ह्यातल्या एका गावात दलित नवरदेवाला घोड्यावरून वरात काढायला महिनोन् महिने कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या आणि शेवटी पोलिसांच्या बंदोबस्तात वरात निघाली. आपल्याच महाराष्ट्रात, १८५५ साली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ज्ञानोदयात छापून आला. त्यात तिनं पेशवाईतल्या तालीमखान्याचं लिहिलं आहे. तालीमखान्यासमोरून मांग-महार गेला तर त्याचं डोकं उडवून मैदानात चेंडूसारखं खेळत, असं. सरदारांचे मर्दानी खेळ खालून कसे दिसत, हे मराठीत पहिल्यांदा लिहिलं ते एका मातंग मुलीनं. ज्यांच्या डोक्यांचा चेंडू झाला, त्यांच्या लेकीनं घोड्यावर बसायचं म्हटलं तर मी, वाड्याची नात, तिला सरंजामशाहीवर व्याख्यान देणार का? मला घोडा नको म्हणणं सोपं आहे. माझ्या आजोबांकडे तो होता.

दुसऱ्या बैठकीत हे सगळं बोललो. भांडलोही. एक जण म्हणाली, बाबासाहेबांनी घोडा नाही, पेन दिला. त्यावर ती मुलगी म्हणाली, "पेन आहेच. पण चौकातल्यांना पेन दिसत नाही." शेवटी हात वर करून मतं घेतली. घोडा आणायचा, पण राणीचा पोशाख नाही, तलवार नाही. बसणारीनं आपल्या रोजच्या कपड्यात बसायचं. भाडं वर्गणीनं, गटाच्या बचतीला हात लावायचा नाही. मी विरोधात हात वर केला होता, तो खाली घेतला नाही. पण ठरलं ते मान्य केलं.

८ मार्चला ती मुलगी सलवार-कुडत्यात घोड्यावर बसली. ती आधी जरा घाबरली होती, लगाम धरणाऱ्या माणसाला सारखी 'दादा, सावकाश' म्हणत होती. चौकात दोन-चार पोरं हसली, एकानं काहीतरी म्हटलं. मोर्चा थांबला नाही. जुन्या मोठ्या घरांच्या गल्लीत शिरताना तिची आई घोड्याच्या बाजूला येऊन चालायला लागली. कुणी उतर म्हटलं नाही. आजी मागच्या रांगेत होत्या. परत आल्यावर त्यांनी घोड्यासमोर कडबा टाकला आणि म्हणाल्या, "यानं काय केलं बापडं."

पण मोर्चा तलाठी कार्यालयासमोर संपवायचा, हेही त्याच बैठकीत ठरलं होतं, आणि मला त्याबद्दलच शेवटी लिहायचं आहे. नाईटचं कवच उतरवलं, शिलेदाराचा घोडा सोडला, पटाची जोडी सोडली, तर खाली एकच गोष्ट सापडते. जमीन. ज्याच्या नावावर जमीन त्याचा घोडा, त्याचा मान, त्याचं शौर्य. १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ साली केंद्रानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मतः हक्क दिला. बाप कायद्याच्या वेळी हयात नसला तरी तो हक्क आहे, हे सुप्रीम कोर्टानं २०२० साली स्पष्ट केलं. शेतकरी संघटनेनं १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून बायकोच्या नावावर शेत करा म्हणून गावोगाव सांगितलं. एवढं होऊनही आमच्या बैठकीत आम्ही विचारलं, कुणाचं नाव सातबाऱ्यावर आहे? त्रेचाळीस जणींपैकी सहा हात वर झाले. त्या सहापैकी चार विधवा.

बाकीच्यांत ज्यांच्या माहेरी शेत आहे, त्यातल्या बहुतेकींनी भावांना हक्कसोड पत्र करून दिलेलं. "सही दिली नाही तं माहेर तुटते," असं त्या सांगतात. साडीचोळी मिळते, दिवाळीला बोलावणं येतं. ज्या सरदाराच्या मुलीबरोबर जहागीर जाई, तिचं आणि हिचं दुःख वरून उलटं दिसतं. तिची जमीन नवऱ्याकडे गेली, हिची भावाकडे राहिली. दोघींना कुणी विचारलं नाही, हे मात्र एकच.

आणि हा कायदाही सगळ्यांना नाही. आमच्या गटातल्या आंध बाया आदिवासी, त्यांना हिंदू वारसा कायदा लागूच नाही. मुस्लिम बहिणींचा वाटा त्यांच्या कायद्यानं ठरतो. आणि आजींसारख्या भूमिहीनांना तर वाटणीत मागायला काही नाहीच. त्यांच्यासाठी मजुरीचा दर, गायरानावरचा हक्क, घराखालची जागा हेच सातबारा. तेव्हा 'बाईच्या नावावर जमीन' ही घोषणा देताना आपण कोणत्या बाईबद्दल बोलतो आहोत, ते दर वेळी स्वतःला विचारायला हवं. नाहीतर आपण पुन्हा एक राणीच घोड्यावर बसवू.

त्या दिवशी अकरा जणींनी वारस नोंदीचे अर्ज दिले. आजवर तीन नोंदी झाल्या. दोघींनी घरच्या दबावानं अर्ज मागे घेतले. एकीच्या भावानं बोलणं टाकलं आहे आणि ती रडते, पण अर्ज मागे घेत नाही. बाकीच्यांचे हेलपाटे चालू आहेत. या बायांवर कुणी पोवाडा रचणार नाही. माझ्या मते तरी आज आमच्या गावातलं शौर्य ते हेच.

येत्या ८ मार्चला घोडा आणायचा की नाही, यावर पुन्हा वाद होणार. व्हावा. तुमच्या गटात शूर बाईचं कोणतं चित्र वापरता, त्याबद्दल कुणी नाराज आहे का, आणि तुमच्या बैठकीत सातबाऱ्यासाठी किती हात वर होतात, ते मोजून जरूर कळवा. आमच्या आजींना आकडा ऐकायचा आहे.